वडिलांची खिळखिळी पुस्तकं घरच्या घरी बांधता येतील का?

प्रश्न असा आहे: बँकेतली नोकरी, संध्याकाळी साडेसातनंतर दीड-दोन तास मोकळे, आणि ते सगळे मोबाइलवर जातात. वाचनाची आवड आहे, पण पुस्तक घेतलं की दोन पानांत डोळे मिटतात. हातांना काहीतरी काम हवंसं वाटतं. घरात वडिलांची साठेक पुस्तकं आहेत, बहुतेकांची पानं सुटलेली. पुस्तकबांधणी घरी शिकता येईल का, खर्च किती, सुरुवात कुठून करायची, आणि या छंदापायी वाचन आणखी मागे तर पडणार नाही ना?

शेवटच्या शंकेचं उत्तर आधी देते. वाचन मागे पडणार नाही. बांधणी हा माझ्या माहितीतला असा एकच हातछंद आहे ज्यात वाचायला वेळ ठेवलेलाच असतो. खळ लावली की थांबावं लागतं. पाठ चिकटवली की रात्रभर वजनाखाली ठेवावी लागते. काम पंचवीस मिनिटांचं आणि वाळणं आठ तासांचं. ही वाट बघण्याची वेळ माझी वाचनाची वेळ झाली, आणि गेली बावीस वर्षं ती तशीच आहे. या काळात दीडशेच्या आसपास पुस्तकं बांधली. त्यातली निम्मी तरी मी एरवी कधीच उघडली नसती.

मी याकडे वळले ते एका दुःखातून. आईला पुस्तक वाचून झालं की शेवटच्या पानाच्या अगदी कडेला पेन्सिलीने तारीख घालायची सवय होती. तेच पुस्तक पुन्हा वाचलं तर खाली दुसरी तारीख. एका कादंबरीवर अशा पाच तारखा होत्या, पहिली माझ्या जन्माच्या आधीची. ती गेल्यावर तिची सात पुस्तकं मी बाइंडिंगला दिली. परत आली तेव्हा कापडी पाठ, सोनेरी अक्षरं, सगळं देखणं होतं, पण तिन्ही कडा यंत्रावर सरळ कापून काढलेल्या होत्या आणि तारखा त्या कापलेल्या पट्ट्यांबरोबर रद्दीत गेल्या होत्या. बांधणाऱ्याची चूक म्हणता येणार नाही, कडा समान करणं ही त्या धंद्याची रीतच आहे. मी सांगायला हवं होतं आणि मला ते सुचलं नाही. त्यानंतर घरातलं एकही पुस्तक मी बाहेर दिलं नाही. म्हणून तुम्हाला पहिली विनंती हीच, वडिलांच्या पुस्तकांच्या कडा कापू नका. पानं थोडी खालीवर दिसली तर दिसू द्या. त्यांच्या खुणा, अधोरेखनं, मध्ये ठेवलेलं एखादं एसटीचं तिकीट, सगळं जिथल्या तिथे राहू द्या.

आता कामाकडे. साठही पुस्तकं जमिनीवर पसरा आणि तीन ढीग करा. पहिला ढीग आज बाजारात किंवा वाचनालयात सहज मिळतील अशा पुस्तकांचा. दुसरा, पुन्हा मिळणार नाहीत अशांचा. तिसरा, कागदच मोडायला आलेल्यांचा. तिसरा ढीग ओळखायचा कसा? पानाचा अगदी टोकाचा कोपरा, जिथे अक्षर नाही तिथे, हलकेच दुमडून पाहा. तुकडा तुटून हातात आला तर त्या कागदाला सुई-दोरा सोसणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कागद लाकडाच्या लगद्याचा होऊ लागला आणि त्यात तुरटी-राळेचं मिश्रण पडू लागलं. त्यातलं आम्ल कागदाला आतून खात राहतं. म्हणूनच आजोबांच्या काळातली स्वस्त कादंबरी तांबूस आणि कुरकुरीत होते, आणि त्याहून कितीतरी जुना जुन्नरचा किंवा दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्याचा हातकागद अजूनही मऊ लागतो.

तिसऱ्या ढिगातल्या पुस्तकांना बांधणी नको, आसरा हवा. जाड कागदाची चौपट घडी करून पाकीट बनवा, त्यात पुस्तक ठेवा, वरून धुतलेल्या मांजरपाटाचा चौकोन गुंडाळा. आपल्याकडे पोथ्या अशाच कापडात बांधून ठेवत. त्या कापडाला बासन म्हणतात. ‘बासनात गुंडाळून ठेवणे’ आज आपण विसरून जाण्याच्या अर्थाने म्हणतो, पण बासनामुळेच कितीतरी पोथ्या शेकडो वर्षं टिकल्या. कापडात वेखंडाचा एक तुकडा ठेवा. कसर लांब राहते.

सुरुवात मात्र तिन्हींपैकी कशातूनच करायची नाही. पहिल्या पाच वस्तू कोऱ्या वह्या असाव्यात.

सामान फार लागत नाही. दाभण, दोन बोथट टोकाच्या सुया, जाड सुती दोरा आणि तो ओढून घ्यायला मेणाचा तुकडा, पोलादी पट्टी, कटर, घडी दाबायला हाडाची किंवा गुळगुळीत लाकडी पट्टी, दोन मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा, थोडं बाइंडिंगचं कापड, बोटभर रुंदीची सुती नाडी. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकाच्या आसपास बहुतेक सगळं मिळतं. इतर गावांत शाळा-कॉलेजाजवळच्या बाइंडरकडे विचारा, पुठ्ठ्याचे आणि कापडाचे उरलेले तुकडे तो आनंदाने देतो. हजार रुपयांच्या आसपास सगळं होतं. शिकंजा, म्हणजे पुस्तक आवळून धरायचा दाब, विकत घेऊ नका. दोन पाट आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार विटा पुरतात. मी पहिली सहा वर्षं एवढ्यावरच काढली.

कागदाची एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी शिकून घ्या. यंत्रावर तयार झालेल्या कागदातले तंतू एका दिशेने पडलेले असतात. याला ग्रेन म्हणतात. कागद ओला झाला की तो तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो. पुस्तकात हे तंतू पाठीला समांतर, म्हणजे उभे हवेत. आडवे असले तर पाठीला खळ लागताच पानांना लाटा येतात, आणि उघडलेलं पुस्तक सपाट न राहता आपोआप मिटू बघतं. ओळखायचं कसं? कागद न मोडता हलकेच वाकवा, एकदा उभा, एकदा आडवा. ज्या बाजूने तो बिनतक्रार वाकतो, त्या वाकाच्या रेषेला तंतू समांतर. झेरॉक्सच्या ए-फोर कागदात ते बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने असतात, म्हणून तो मधोमध दुमडून वही केली की दिशा चुकते. त्यापेक्षा ए-थ्री घ्या, तपासा, मधून कापा आणि मग दुमडा. पुठ्ठ्यालाही हाच नियम. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांची पहिली वही वाकडी होते ती दहातल्या आठ वेळा यामुळे.

चार कागद एकत्र दुमडले की सोळा पानांचा (दोन्ही बाजू मोजून) एक फर्मा होतो. छापील पुस्तकंही अशीच फर्म्यांनी बनतात. जुन्या पुस्तकात दर सोळा पानांनी तळाशी एक बारीक आकडा दिसतो, तो फर्म्याचा क्रमांक. असे पाच फर्मे करा. दुमडीवर सहा भोकं पाडा. दोन टोकांना, कडेपासून दीड सेंटिमीटर आत एकेक, आणि मधे दोन जोड्या, प्रत्येक जोडीतलं अंतर नाडीच्या रुंदीएवढं. भोकं फर्मा उघडून, आतून बाहेर, दाभणाने पाडा. एका जाड कागदाच्या पट्टीवर खुणा करून तीच पट्टी पाचही फर्म्यांना लावली की भोकं एका रेषेत येतात.

शिवण सांगते. टोकाच्या भोकातून सुई आत, नाडीपाशी बाहेर, नाडीला वळसा घालून पुन्हा आत, दुसऱ्या नाडीला तसंच, आणि शेवटच्या भोकातून बाहेर. वर दुसरा फर्मा ठेवायचा आणि उलट दिशेने परत यायचं. परत आलात की पहिल्या फर्म्याच्या सोडलेल्या दोऱ्याशी गाठ. तिसऱ्या फर्म्यापासून टोकाला आलात की सुई खालच्या दोन फर्म्यांच्या मधून सरकवायची, तयार झालेल्या फासातून काढायची आणि ओढायची. ही टोकाची गाठ सगळं पुस्तक धरून ठेवते. ओढताना दोरा पाठीला समांतर ओढा, स्वतःकडे ओढलात तर कागद चिरतो. दोरा ताठ हवा, पण आवळलेला नको. बोटाने नाडीवर टिचकी मारली तर ती जागची हलू नये, इतपत. हे सांगून कळत नाही. तिसऱ्या वहीला हाताला आपोआप समजतं.

शिवताना ऐकायला काही लावावं का, असं मला बरेच जण विचारतात. कोऱ्या वहीची शिवण असेल तर जरूर लावा. मी किती तरी कथा अशा ऐकल्या आहेत. मोजमाप आणि कापणं करताना मात्र बंद ठेवा. पुठ्ठा दोन मिलिमीटर चुकला की ती चूक कव्हरवर कायमची दिसते.

आता खळ. पांढरं फेविकॉल सोपं आहे, लवकर वाळतं, पण एकदा सुकलं की कागदाला इजा न करता निघत नाही. खळ पाण्याने सुटते. चाळीस वर्षांनी कुणाला हेच पुस्तक पुन्हा उघडून नीट करावंसं वाटलं तर त्याला वाट मोकळी असावी, म्हणून दुसऱ्या ढिगातल्या, पुन्हा न मिळणाऱ्या पुस्तकांना खळच. चार मोठे चमचे मैदा दोन वाट्या गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा. मंद आचेवर सतत ढवळत आठ-दहा मिनिटं शिजवा. दुधी रंग जाऊन ती अर्धपारदर्शक झाली की उतरवा. गार झाल्यावर कापडातून गाळून घ्या. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. वास बदलला की टाकून द्या.

मैद्यापेक्षाही चांगला, गव्हाचा शुद्ध स्टार्च. जगभर कागद दुरुस्त करणारे लोक तोच वापरतात, आणि आपल्या घरांत तो दर उन्हाळ्यात तयार होतो. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून जो चीक काढतो, तोच. भांड्याच्या तळाशी बसलेला पांढरा थर वाटीभर बाजूला काढा, आंबूस वास जाईपर्यंत दोन-तीनदा पाणी बदला, मग उन्हात वाळवून बाटलीत भरा. वर्षभर पुरतो. माझ्या आत्याने पहिल्यांदा मला हे करताना पाहिलं तेव्हा ती म्हणाली, “कुरडईचा चीक पुस्तकाला? बरं आहे, दोन्ही घरातच राहतं.”

बाइंडर खळीत मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घालतात, कसर लागू नये म्हणून. तुम्ही घालू नका. ते विषारी आहे, स्वयंपाकघराच्या आसपास नको, आणि तांब्याच्या अंशाने कागदाचं आयुष्य कमीच होतं. जुन्या हस्तलिखितांत चुकलेल्या अक्षरांवर हरताळ हे पिवळं खनिज फासत, कीडही त्याला टाळते, पण तोसुद्धा सोमलाचाच, म्हणजे विषारी आर्सेनिकचाच, भाऊबंद. घरच्या कामाला स्वच्छ हात, ताजी खळ आणि कोरडं कपाट पुरे.

पाच वह्या झाल्या की पहिल्या ढिगातलं एक पुस्तक घ्या. यातली बहुतेक पुस्तकं शिवलेली नसतात, पाठ रंधून नुसती डिंकाने चिकटवलेली असतात, म्हणून पानं सुटी होतात. जुना डिंक हाताने सोलून काढा आणि पानं क्रमाने लावा. पानांचे आकडे दोनदा मोजा, शेवटी पान ६४ नंतर ६७ निघालं तर फार वाईट वाटतं. गठ्ठा दोन पाटांमध्ये पाठ वर करून धरा. पानं पत्त्यांसारखी एका बाजूला कलंडवा आणि फेविकॉलचा अगदी पातळ हात फिरवा. मग दुसऱ्या बाजूला कलंडवून पुन्हा. असं केल्याने प्रत्येक पानाची कड शेजारच्या पानाला केसभर चिकटते. वर जुन्या धुवट धोतराची किंवा मलमलची पट्टी, पाठीपेक्षा दोन्हीकडे इंचभर जास्त रुंद. रात्रभर दाबाखाली. इथे फेविकॉल चालेल, कारण हे पुस्तक बिघडलं तर दुसरं मिळेल.

फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नका. काही वर्षांत पट्टी गळून पडते आणि तिचा डिंक कागदात मुरून पिवळा, चिकट डाग ठेवतो. तो जात नाही. पातळ जपानी टिश्यू, म्हणजे लांब तंतूंचा पातळ पण चिवट कागद, किंवा पातळ हातकागद घ्या. तो कात्रीने कापायचा नाही, पाण्याची रेघ ओढून हाताने फाडायचा, म्हणजे कडेला तंतू मोकळे राहतात आणि जोड डोळ्यांना दिसत नाही. चिरेवर पातळ खळ, त्यावर ही पट्टी, वर-खाली बटर पेपर आणि टिपकागद, आणि वजन. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे. १९४० मध्ये गांधीजींच्या प्रेरणेतून ती सुरू झाली. एकदा जाऊन कागद बोटांनी चाचपून या. कोणता कागद कशाला चालेल हे बोटांना लवकर कळतं.

आणि आता वाचनाबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न मला तोच वाटतो. दिवसभर आकडे आणि पडदा बघून थकलेलं मन थेट पुस्तकावर बसत नाही. सरळ पुस्तक घेतलं की झोप येते, मोबाइल घेतला की रात्र जाते. माझा अनुभव असा, की आधी अर्धा तास हात चालले तर मन त्यांच्या मागोमाग शांत होतं. दुमडणं, दाबणं, टोचणं, दोरा ओढणं. मग हात धुवायचे, वजन ठेवायचं आणि शेजारच्या स्टुलावर आधीच काढून ठेवलेलं पुस्तक उचलायचं. आधीच काढून ठेवलेलं, हे महत्त्वाचं. त्या क्षणी कपाटापर्यंत जायला लागलं तर वाटेत फोन भेटतो. अशा वेळी मी चाळीस-पन्नास पानं सहज वाचते. काम आठवड्यातून तीनच दिवस करा. बाकीच्या दिवशीही त्याच जागी, त्याच वेळी बसून नुसतं वाचा.

दुरुस्तीतही वाचन चोरून शिरतं. पानं क्रमाने लावताना डोळे ओळीवर अडकतात. मला नाटकांचं वाचन कधीच जमलं नव्हतं. एका संगीत नाटकाच्या जुन्या प्रतीचे फर्मे सुटे करून पुसत असताना एका प्रवेशावर नजर थांबली, आणि मी जमिनीवर बसल्या बसल्या तो अंक संपवला. खळ वाळून गेली, पुन्हा करावी लागली. त्या पुस्तकाची पाठ आजही जराशी तिरकी आहे आणि मला ती तशीच आवडते. तुमच्या वडिलांच्या पुस्तकांत तर हे जास्तच होईल. त्यांनी कुठे खूण केली, कुठलं पान बोटांनी मळलं आहे, कुठल्या पानापुढे फर्मा अजून कोराच आहे, हे शिवणीच्या वेळी जसं दिसतं तसं कपाटासमोर उभं राहून दिसत नाही. म्हणून दुसऱ्या ढिगातली पुस्तकं लेखकांच्या किंवा आकाराच्या क्रमाने घेऊ नका. जे तुम्हाला वाचायचं आहे ते आधी बांधा. वाचायचं नसलेलं पुस्तक दुरुस्त करताना हात रेंगाळतात, मला हे पाच-सहा अर्धवट पुस्तकांनंतर कळलं.

बांधण्याजोगी आणखी एक गोष्ट सुचवते. आपल्या कितीतरी घरांत रविवारच्या पुरवण्यांतली लेखमाला कापून जपलेली असते. अशी कात्रणं कोऱ्या वहीत खळीने लावून बांधा. वही बांधतानाच दर दोन पानांमध्ये बोटभर रुंदीची पट्टी शिवून घ्या, नाहीतर कात्रणं लावल्यावर वही फुगून तोंड उघडते. वर्तमानपत्राचा कागद आम्लाचा, म्हणून समोरासमोरच्या पानांमध्ये एक पातळ कोरा कागद घाला. सरावासाठी पुस्तकं हवी असतील तर रद्दीवाल्याकडून किलोवर घ्या, किंवा गावातल्या वाचनालयात विचारा. बाद केलेल्या पुस्तकांचा एक कोपरा जवळपास प्रत्येक वाचनालयात असतो, आणि फाटकी पुस्तकं नीट करून देणारं कुणी आलं तर ग्रंथपालांना फार बरं वाटतं. मात्र स्वतःची दहा पुस्तकं होईपर्यंत दुसऱ्या कुणाचं मौल्यवान पुस्तक हातात घेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी.

कोकणातली आहे म्हणून पाण्याबद्दल थोडं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा ओळखीच्या एका घरातली तीस पुस्तकं माझ्याकडे आली, चिखलाने माखलेली. भिजलेलं पुस्तक घाईने उघडायचं नाही, पानं लगद्यासारखी सुटतात. मिटलेलंच हलक्या हाताने विसळायचं, उभं करून निथळायचं, मग थोडं उघडून टिपकागद घालायचे आणि ते पुन्हापुन्हा बदलायचे. पंखा हवा, ऊन नको. बुरशी धरायला दोन दिवस पुरतात. एवढ्यात सगळी पुस्तकं हाताळणं शक्य नसेल तर उरलेली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, नंतर एकेक काढता येतात. त्या तिसांपैकी बावीस बचावली. गुळगुळीत चकचकीत कागदाची मात्र एकही नाही, ती पानं एकमेकांना चिकटून वीट होते.

तुमच्याकडे सध्या पाऊस सुरू असेल तर खळीचं मोठं काम काढू नका, दमट हवेत ते वाळत नाही आणि बुरशी येते. दुमडणं, भोकं पाडणं, शिवणं एवढंच करा, पाच वह्यांची पानं शिवून ठेवा. पाठी आणि पुठ्ठे दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाली की. तोपर्यंत साठ पुस्तकांची यादी करा, आणि यादी करताना प्रत्येक पुस्तकाचं पहिलं आणि शेवटचं पान उघडून बघा. वडिलांनीही कुठेतरी तारीख घातलेली असू शकते.